तेरा कवळ्या, चौदा तोंडं

एकवीस वर्षं मी दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते आहे, आणि या एकवीस वर्षांत फक्त एकदाच माझ्या हातून एकाची कवळी दुसऱ्याला गेली. तीही त्या गृहस्थांना बसली होती. पण आमच्या डॉक्टरबाईंनी ते मनाला लावून घेतलं आणि कॉम्प्युटर आणला.

त्याआधी सगळं माझ्या डोक्यात असायचं. समोरच्या गल्लीतले कवळीवाले कवळ्या तयार करून डब्यातून पाठवायचे. मी डबा उघडायचे, नुसतं बघायचे आणि सांगायचे, ही बँकेतल्या बाईंची, ही त्या बुटक्या वकिलांची. माणसाचा चेहरा मी विसरेन, जबडा विसरणार नाही. आता मात्र प्रत्येक कवळी सीलबंद पाकिटात यायची, पाकिटावर नंबर, आणि डबा थेट डॉक्टरबाईंच्या कपाटात कुलपाआड. मला दिसायची ती फक्त स्क्रीनवरची दोन टेबलं, म्हणजे तक्ते. एका टेबलात कवळीची वाट बघणारी माणसं आणि त्यांचे नंबर, दुसऱ्यात तयार कवळ्या आणि त्यांचे नंबर. दोन्ही टेबलं जोडून कोणाची कवळी कोणती ते कॉम्प्युटरकडून काढायचं, आणि मग बोलावणी पाठवायची. डॉक्टरबाईंनी मला स्पष्ट बजावलं होतं की यापुढे डोकं अजिबात वापरायचं नाही.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण या खेपेला त्या डब्यात माझ्या आईचे दात होते.

आईचे उरलेसुरले पाच दात महिन्यापूर्वी काढले. तेव्हापासून तिने तोंड उघडणं बंद केलं. माझ्यासमोरसुद्धा. जे सांगायचं ते कागदावर लिहून माझ्यापुढे सरकवायची. 'मीठ कमी.' 'पंखा.' 'हा रंग तुला शोभत नाही.' खरं सांगायचं तर पहिले तीन आठवडे मला बरं वाटलं. घरात इतकी शांतता लहानपणापासून कधी ऐकली नव्हती. चौथ्या आठवड्यात मात्र मावशीचा फोन आला की ती शनिवारी चार वाजता येते आहे, आणि शांतता संपली.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. बारा वर्षांपूर्वी एका समारंभात फोटो काढताना ती सर्वांसमक्ष म्हणाली होती, "ताई, तू किती म्हातारी दिसायला लागलीस गं." त्यावरून दोघींचं बोलणं तुटलं. आता बारा वर्षांनी मावशीने आपणहून पाऊल टाकलं होतं आणि आईच्या तोंडात एकही दात नव्हता. आईने मला पानभर लिहून दिलं. शनिवारपर्यंत दात आले तर ठीक. नाही आले तर ती आतल्या खोलीत कडी लावून बसेल, आणि मी मावशीला सांगायचं की आई प्रवासाला गेली. कुठे गेली, कशाला गेली, ते मी माझ्या अकलेने ठरवायचं. खाली दोन रेघा मारून लिहिलं होतं: 'बोळक्या तोंडाने मी तिच्यासमोर जाणार नाही. मेले तरी.'

आई बोललेलं मागे घेते कधीकधी. लिहिलेलं मागे घेत नाही.

सोमवारी सकाळी मी कॉम्प्युटरसमोर बसले. डॉक्टरबाईंनी एका कागदावर आज्ञा कशी लिहायची ते लिहून दिलं होतं. मी दोन्ही टेबलांची नावं टाकली, जोडायला सांगितलं आणि खालचं 'सर्वांना निरोप' हे बटण दाबलं. स्क्रीनवर आकडा आला, एकशे ब्याऐंशी. मला वाटलं काहीतरी मोठं काम झालं.

झालं होतंच. माणसं चौदा, कवळ्या तेरा. काय जुळलं तर जोडायचं ते मी सांगितलंच नव्हतं, म्हणून कॉम्प्युटरने प्रत्येक माणूस प्रत्येक कवळीला जोडला. प्रत्येकाला तेरा तेरा निरोप गेले, की तुमची कवळी तयार आहे. दुपारपर्यंत दवाखान्यात पाय ठेवायला जागा उरली नाही. एका बाईंनी तर तेराही हव्यातच असा हट्ट धरला. एक रोजची, एक बाहेर जाताना घालायची, बाकीच्या असू द्यात, म्हणाल्या, कॉम्प्युटर काही उगाच सांगणार नाही. घरी गेले तर आईने फोन माझ्यापुढे धरला, तेरा निरोप उघडून. शेजारी कागद: 'मला एक पुरे.'

याला क्रॉस जॉइन म्हणतात हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, आणि ते सांगितलं प्रोग्रामरकाकांनी. हे निवृत्त गृहस्थ आमचेच पेशंट. चाळीस वर्षं एका कंपनीत हेच काम केलेले, आणि स्वतःच्या कवळीची वाट बघत रोज सकाळी येऊन बाकावर बसायचे. दात नसल्यामुळे ते बोलले की शब्दापेक्षा वारा जास्त यायचा, म्हणून ते शिकवायचे लिहून. आमच्या प्रिस्क्रिप्शनच्या कोऱ्या पाठींवर त्यांनी डावीकडे माणसं काढली, उजवीकडे कवळ्या, आणि प्रत्येकाकडून प्रत्येकीकडे रेघ ओढली. कागद काळा झाला. मग खाली लिहिलं: 'नंबर सारखा असेल तरच जोड, असं सांगायला हवं होतं.'

मी म्हटलं, ते त्याला स्वतःहून कळायला नको का. काकांनी मान हलवली. त्या एका मान हलवण्यात चाळीस वर्षांचा अनुभव होता.

मग त्यांनी मला इनर जॉइन शिकवला. नंबर दोन्हीकडे सापडला तरच ओळ येणार. मंगळवारी मी तो चालवला आणि यादीत मोजून तेरा ओळी आल्या. तेरा कवळ्या, तेरा ओळी. मला इतका आनंद झाला की मी नावं न वाचताच यादी छापून डॉक्टरबाईंच्या टेबलावर ठेवली, दोन केळी विकत घेऊन काकांना दिली आणि घरी जाऊन आईला सांगितलं की काम फत्ते. आई कपाटातून साड्या काढून बघायला लागली. शनिवारसाठी एक निवडली, मग तिच्यावर मनातून फुली मारून दुसरी निवडली.

बुधवारी डॉक्टरबाई एक अवघड अक्कलदाढ काढण्यात अडकल्या होत्या. यादी बघून त्यांनी पटापटा पाकिटं दिली आणि दोन दिवस घालून बघा, शनिवारी घासून नीट करून देते, असं सगळ्यांना सांगितलं. संध्याकाळी पाच वाजले. आईला बोलावणं आलं नव्हतं. मी यादी उचलली आणि पहिल्यांदाच नावं वाचली.

आई त्यात नव्हती. वरून खाली वाचली, खालून वर वाचली. आई नव्हती, पण आमचे जुने पेशंट घड्याळवाले आजोबा आणि त्यांची बायको मात्र यादीत चार ओळी अडवून बसले होते.

गुरुवारी सकाळी घड्याळवाले आजोबांचा फोन आला. कवळी उत्तम बसली म्हणाले, तक्रार नाही, पण कालपासून बोलायला तोंड उघडलं की आपण बायकोच बोलतोय असं वाटतं. मागून आजीचा आवाज आला, की त्यात एवढं घाबरण्यासारखं काय आहे. मी फोन ठेवला आणि बाकाकडे गेले. काका वाटच बघत होते.

आमच्या दवाखान्याची एक पद्धत आहे. नंबर माणसाला नसतो, कुटुंबाला असतो. एका घराचा एक कागद, म्हणजे केसपेपर, त्याच्यावर घरातले सगळे. पद्धत माझीच आहे, कपाटात जागा वाचावी म्हणून मी ती सुरू केली आणि तिचा मला अभिमान होता. काकांनी ते ऐकलं आणि कपाळाला हात लावला. आजोबांचा आणि आजींचा नंबर एकच, दोघांच्या कवळ्यांवरही तोच. मग कॉम्प्युटरने आजोबांना दोन्ही कवळ्यांशी जोडलं आणि आजींनाही दोन्ही कवळ्यांशी. दोनाचे चार झाले. बाकीची सरळ माणसं नऊ. नऊ आणि चार तेरा. माझा आनंद निव्वळ बेरजेचा होता.

"मग माझी आई कुठे गेली?" मी विचारलं. आवाज जरा चढलाच असावा, कारण बाकावरची बाई दाढ धरून माझ्याकडे बघायला लागली.

काकांनी लिहिलं: 'इनर जॉइन सांगत नाही कोण राहिलं. ज्याचं जुळलं नाही तो गुपचूप गळतो.' आणि मग त्यांनी नवा कागद घेतला. डावीकडचं टेबल सगळंच्या सगळं घ्यायचं, एकही माणूस सोडायचा नाही. कवळी सापडली तर शेजारी लिहायची, नाही सापडली तर शेजारची जागा मोकळी ठेवायची. याला लेफ्ट जॉइन म्हणतात. मी म्हटलं, अहो, हे आधी सांगायचं ना. त्यांनी लिहिलं: 'तुम्ही केळी आणायला गेलात.'

लेफ्ट जॉइनच्या सोळा ओळी आल्या. आधीच्या तेरा, आणि शेवटी तीन माणसं ज्यांच्या शेजारी काहीच नव्हतं. पहिली माझी आई. दुसऱ्या डॉक्टरबाईंच्या सासूबाई. तिसरे स्वतः काकाच होते. तीन आठवडे ते रोज येऊन बसत होते आणि कवळीवाल्यांनी त्यांची कवळी करायलाच घेतली नव्हती. काकांनी चष्मा पुसून ओळ पुन्हा वाचली. मग खिशातून एक केळं काढलं आणि शांतपणे सोलायला लागले. मला त्यांची खरोखर दया आली. स्वतःच्या हाताने लिहिलेल्या आज्ञेतून ही बातमी कळणं काही सोपं नाही.

केळं संपल्यावर त्यांनीच पुढचं सुचवलं. आता उजवीकडून बघा. राइट जॉइन म्हणजे तीच गोष्ट उलटी, कवळ्या सगळ्या घ्यायच्या, माणूस सापडो न सापडो. पंधरा ओळी आल्या. शेवटच्या दोन कवळ्यांना धनीच नव्हता. माझ्या जिवात जीव आला. दात होते! कपाटात, कुलपाआड, पण होते. मग आम्ही फुल आउटर जॉइन चालवला, ज्यात दोन्ही बाजूंचं काहीच सुटत नाही. अठरा ओळी. जुळलेल्या तेरा, कवळी नसलेली तीन माणसं, माणूस नसलेल्या दोन कवळ्या.

मी त्या पाच ओळी बघत राहिले. आईच्या नंबराचा रकाना रिकामा होता. त्या दोन्ही कवळ्यांच्या नंबराचाही रिकामा. मी काकांना म्हटलं, इकडे रिकामं, तिकडे रिकामं, मग सारखंच झालं की, हा मठ्ठ यांना जोडत का नाही?

काकांनी या खेपेला लिहिलं नाही. बाकावरून उठून काउंटरपाशी आले आणि वारा गेला तरी चालेल अशा बेताने सावकाश बोलले.

"रिकामं म्हणजे माहीत नाही. दोघांबद्दल माहीत नाही, म्हणून दोघं एकमेकांचे होत नाहीत. नंबर का नाही ते तुम्ही शोधा. ते कॉम्प्युटरला नाही येत."

ते शोधायला मला फार लांब जावं लागलं नाही. नंबर कागदावर असतो. कागद मी करते. आईचा कागद मी केलाच नव्हता. घरचंच माणूस, कागद कशाला, म्हणून तिला हाताला धरून थेट आत नेलं होतं. डॉक्टरबाईंनी तिचं नाव कॉम्प्युटरमध्ये टाकलं, कागदच नाही तर नंबर कुठून आणायचा, म्हणून रकाना सोडून दिला. कवळीवाल्यांना कागद मिळाला नाही, त्यांनी पाकीट कोरं ठेवलं. सासूबाईंचं डॉक्टरबाईंनी तेच केलं होतं, याचा मला क्षणभर फार आनंद झाला. पण तो टिकला नाही. एकवीस वर्षांत मी हजारावर कागद केले. एका माणसाच्या पाळीव पोपटाचंही नाव लिहिलं होतं, कारण तो म्हणाला तोही घरचाच. आणि माझ्या आईचं कुठेच नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

शुक्रवारी काकांनी टेबलात एक नवा रकाना काढून दिला, कुटुंबाच्या नंबराशेजारी माणसाचा क्रमांक, आणि मी घड्याळवाल्यांना येऊन अदलाबदल करून जायला सांगितलं. आजी म्हणाल्या की त्यांचं त्या दातांशी जमलंय, पण आल्या. आईची आणि सासूबाईंची गाठ मात्र कॉम्प्युटरवर सुटणारी नव्हती. दोन तोंडं, दोन कोरी पाकिटं. घालूनच बघावं लागणार होतं, आणि डॉक्टरबाई शनिवारी तीन वाजल्याशिवाय मोकळ्या होणार नव्हत्या. मी मावशीला फोन करून सांगितलं की घरी येऊ नकोस, आधी दवाखान्यात ये. का, म्हणाली. मी म्हटलं आईला तुला लवकर भेटायचंय. आयुष्यात इतकं धडधडीत खोटं मी क्वचित बोलले असेन.

शनिवारी आई आली ती रुमालाने तोंड झाकून. मावशी इथेच येणार आहे हे मी तिला सांगितलं तेव्हा तिने पर्समधून कागद काढला, पेन काढलं, पण इतकी संतापली होती की काय लिहावं तेच सुचेना. शेवटी नुसतं माझं नाव लिहिलं आणि पुढे उद्गारचिन्ह.

आत दोन खुर्च्यांवर दोघी बसल्या. पहिल्या पाकिटातला संच सासूबाईंना दिला. त्यांच्या तोंडात तो मावेना. तोच आईचा संच असणार असं मी म्हटलं, तर डॉक्टरबाई म्हणाल्या डोकं वापरू नका. मग तो जंतुनाशकात बुडवून, धुऊन, सगळं रीतसर करून आईला लावायला घेतला, आणि तेवढ्यात बाहेर दाराची घंटा वाजली. चारला अजून वीस मिनिटं होती. मावशी पहिल्यापासून अशीच, वेळेआधी येणारी.

मी बाहेर आले. मावशी बाकावर काकांच्या शेजारी बसली होती, मांडीवर पिशवी, केस पांढरे झालेले. मला म्हणाली, ताई कुठे? मी म्हटलं, आत आहे, येतेच. आणि मग मी काउंटरवर बसून दाराकडे बघत राहिले. आतून घासायच्या यंत्राचा आवाज येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. आई मागच्या दाराने निघून गेली तर, हा विचार मी पंधरा मिनिटांत पन्नास वेळा केला असेल. मागचं दार आहेच आमच्याकडे.

चारला पाच कमी असताना दार उघडलं. आई बाहेर आली. रुमाल हातात होता, तोंडावर नव्हता. मावशी उठून उभी राहिली. दोघींनी एकमेकींकडे नीट बघून घेतलं, आणि महिन्याभरानंतर मी आईचा आवाज ऐकला.

"तू किती म्हातारी झालीस गं," आई म्हणाली, आणि बत्तीसच्या बत्तीस दाखवून हसली. माझ्या मते ते अठ्ठावीसच होते, पण त्या वेळी मोजले नाहीत.

मावशी आधी रडली, मग हसली, मग दोन्ही एकदम करायला लागली. आईने तिला धरून ठेवलं. काका रुमाल शोधायला लागले. डॉक्टरबाईंनी काकांची कवळी तातडीने करून घ्यायची म्हणून कवळीवाल्यांना फोन लावला, तो मी ऐकला. हे सगळं होईपर्यंत मला वाटलं की आता या दोघी घरी जातील आणि मी दोन मिनिटं डोळे पुसून घेईन.

पण आई काउंटरपाशी आली. पर्स खाली ठेवली. पेशंट उभे राहतात तशी समोर उभी राहिली.

"माझा कागद कर," ती म्हणाली.

मी म्हटलं, करते गं, नंतर करते, मावशी थांबली आहे. आई हलली नाही. मावशीनेही पिशवी पुन्हा खाली ठेवली. मी नवी ओळ उघडली आणि नियमाप्रमाणे विचारायला लागले. नाव टाकलं. वय विचारलं. आई म्हणाली, एकाहत्तर. मागून मावशी म्हणाली, ताई, मीच त्र्याहत्तरची आहे. मी शहात्तर टाकलं. आईने ते बघितलं आणि सोडून दिलं, नवे दात नुकतेच मिळाले होते म्हणून असेल.

शेवटचा रकाना तक्रारीचा. हा प्रश्न मी दिवसातून चाळीस वेळा विचारते. विचारला.

आई माझ्याकडे बघत राहिली, आणि मला वाटलं आता पुन्हा कागद मागेल.

"एकवीस वर्षं सगळ्या गावाला विचारतेस," ती म्हणाली. "मला आज विचारलंस."

मी बोटं कळांवर ठेवून बसले. मग आईने घसा साफ केला, काउंटरवर कोपर टेकवलं आणि सुरुवात केली. गुडघ्यापासून. पाऊण तास झाला, बाकावरचे पेशंट एकेक करून पुढे सरकून ऐकायला लागले, मधे मधे मावशी तारखा दुरुस्त करत होती. पावणेपाचला रकाना भरला, स्क्रीनने सांगितलं जागा संपली. मी कागद ओढून घेतला, पेन उघडलं आणि म्हटलं, पुढे सांग.